नातवाच्या तोंडून आजीचं दुखणं कळणार नाही

माननीय आरोग्यमंत्री, गुजरात राज्य, यांना
सप्रेम नमस्कार.

हे पत्र आपल्याला गुजरातीतही पाठवते आहे. मराठीत उघडपणे लिहिते आहे ते आमच्या बडोद्याच्या मराठी मंडळींसाठी. सरदार सरोवरात गाव गेल्यावर गुजरातेत वसवलेल्या आदिवासी कुटुंबांत महाराष्ट्रातल्या अक्कलकुव्याचीही माणसं आहेत, हे इथे फार थोड्यांना ठाऊक आहे.

अशाच एका वसाहतीतल्या आजींना घेऊन मी शहरातल्या एका दवाखान्यात गेले होते. झोप नाही, जेवण तुटलेलं. आजी बोलतात भिली, डॉक्टर गुजराती. मग दुभाषा कोण, तर सातवीतला नातू. ‘आजीला कसली काळजी आहे?’ असं डॉक्टरांनी विचारलं. पोराने विचारलं, आजींनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मान हलवली. ‘काही नाही म्हणते,’ पोरगा म्हणाला. झोपेच्या गोळ्या घेऊन आम्ही बाहेर आलो. त्यांची काळजी होती त्या पोराचा बाप, त्याचं पिणं. ते त्या त्याच्यादेखत सांगणार कशा?

आणि पिण्याबद्दल आपल्या राज्यात कोण मोकळेपणी बोलेल? ज्यांच्यात देवाला मोहाच्या दारूची धार सोडतात, त्यांना इथे दारूबंदीचा कायदा लागू झाला. डॉक्टरला सांगितलं तर पोलीस येतील, अशी धास्ती घरोघर आहे. ती आधी घालवायला हवी.

१९७९ च्या नर्मदा लवादाने धरणग्रस्तांसाठी कुटुंबामागे किमान २ हेक्टर जमीन, १०० कुटुंबांमागे शाळा, ५०० कुटुंबांमागे दवाखाना ठरवून दिला. एकेका गावाची माणसं मात्र वेगवेगळ्या वसाहतींत विखुरली. भाऊबंद एकीकडे, बडवा म्हणजे गावचा देवऋषी दुसरीकडे, गावदेव पाण्याखाली. आजारी माणसासाठी रात्रभर बसायला गोतावळाच उरला नाही, आणि तोच तर त्यांचा पहिला उपचार होता.

आजाराची आणि उपचाराची माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत मिळावी, हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला हक्क आहे. २०११ च्या जनगणनेत देशभरात भिली बोलणारे १ कोटीच्या वर आहेत. तेव्हा वसाहतींतल्याच शिकलेल्या मुलामुलींना, विशेषतः मुलींना, प्रशिक्षण आणि नियमित पगार देऊन दुभाषे-समुपदेशक म्हणून नेमा. घरातल्या मुलांना दुभाषा करायला लेखी मनाई करा.

बडव्यालाही बरोबर घ्या. मेहसाणा जिल्ह्यात उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात मुजावर आणि मानसोपचारतज्ज्ञ एकत्र काम करतात, तो ‘दवा आणि दुआ’ उपक्रम आपल्याच राज्यातला आहे. दर्ग्यात जे जमलं ते वसाहतीत न जमण्याचं मला तरी कारण दिसत नाही.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक महिन्यातून एकदा डभोई आणि वाघोडियाच्या वसाहतींत पाठवा. वेळ संध्याकाळची ठेवा. दिवसा सगळे शेतावर असतात.

आपली,
बडोद्याची एक रहिवासी