प्रवेशद्वाराजवळील पोलीस स्मृतिपाटीबाबत अध्यक्षांना सहावे पत्र

दिनांक: ८ ऑक्टोबर २०२४

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती

विषय: पोलीस स्मृतिपाटी झाकली जाणे, तिच्यावरील चुकलेली नावे आणि माझ्या आधीच्या पाच पत्रांना न मिळालेले उत्तर.

महोदय,

या विषयावर मी आपणांस व आपल्या आधीच्या अध्यक्षांना मिळून पाच पत्रे दिली असून पाचही पत्रांच्या पोच माझ्याकडे जपून ठेवलेल्या आहेत. दोन पत्रांवर कार्यालयाचा शिक्का आहे, दोहोंवर सचिवांची सही आहे आणि एकावर, सचिव बाहेरगावी असल्यामुळे, पहारेकऱ्याने स्वतःचे नाव लिहून दिलेले आहे. सहावे पत्र लिहिण्याची माझी इच्छा नव्हती. परंतु २२ सप्टेंबरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी हा विषय काढला तेव्हा आपण घड्याळाकडे पाहत “अहो, त्यात आपल्या सोसायटीतलं कोणी होतं का?” असे विचारलेत आणि मागच्या दोन रांगांत हशा पिकला, त्यामुळे हे लिहिणे भाग पडले आहे.

समितीतील निम्मे सदस्य २०१५ नंतर राहायला आलेले असल्याने थोडी पूर्वपीठिका सांगतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर झालेल्या हल्ल्याला वर्ष पूर्ण झाले, तेव्हा सभासदांनी वर्गणी काढून प्रवेशद्वाराजवळच्या कट्ट्यामागील भिंतीवर एक संगमरवरी पाटी बसवली. त्या हल्ल्यात कर्तव्यावर असताना मारले गेलेल्या पोलिसांची नावे तिच्यावर कोरलेली होती. ती हुद्द्याप्रमाणे न लावता आडनावांच्या अकारविल्हे क्रमाने लावावीत, यावर त्या वेळच्या समितीत बराच खल झाला आणि शेवटी तसेच ठरले. तो आग्रह माझा होता हे केवळ नोंदीसाठी सांगतो. या क्रमामुळे पहिले नाव सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांचे आले आणि शेवटचे वरिष्ठ निरीक्षक विजय साळसकर यांचे. मधल्या ओळींत हेमंत करकरे आणि अशोक कामटे होते, तसेच ज्यांची छायाचित्रे कधी कोणत्या चौकात लागत नाहीत असे शिपाई आणि हवालदारही होते.

२०२२ च्या रंगकामात परांचीचा बांबू निसटून पाटीचा खालचा कोपरा तुटला. कंत्राटदाराने चूक मान्य करून नवी पाटी लावून दिली, पण ती संगमरवराची नसून प्लास्टिकची आहे आणि अक्षरे कोरलेली नसून चिकटवलेली आहेत. याबद्दलही मी काही म्हटले नसते. मात्र मूळ पाटीवर लागोपाठच्या दोन ओळींत ‘पाटील जयवंत’ आणि ‘पाटील योगेश’ अशी दोन नावे होती, ती नव्या पाटीवर एकाच ओळीत ‘पाटील जयवंत योगेश’ अशी आली आहेत. अक्षरे लावणाऱ्याला दुसरे नाव वडिलांचे वाटले असावे. दोन माणसांचा एक माणूस झाला, ही गोष्ट मी त्याच आठवड्यात सचिवांना प्रत्यक्ष नेऊन दाखवली. त्यांनी मोबाईलमध्ये फोटो काढून घेतला आणि “बघतो” म्हणाले. त्यानंतर ‘साळसकर’मधील ‘ळ’ गळून पडला व तोही मी दाखवला. मूळ पाटी, कोपरा तुटलेला असला तरी एकही नाव न दुखावलेल्या अवस्थेत, पंपरूममध्ये ब्लीचिंग पावडरच्या पिंपामागे भिंतीला टेकून उभी आहे. पंपवाला नसताना मी आत जाऊन ती पाहिली, याबद्दल आपणांस आक्षेप असल्यास तो वेगळ्या पत्राने कळवावा.

हे दोघे पाटील कोण, असा प्रश्न सभेत कोणी विचारला नाही, तरी उत्तर देतो. कामा रुग्णालयाजवळील रंगभवनाच्या गल्लीत करकरे, कामटे आणि साळसकर ज्या गाडीत होते, तिच्याच मागच्या भागात जयवंत पाटील, योगेश पाटील आणि बाळासाहेब भोसले हे पोलीस होते. तेही तेथेच मारले गेले. त्या गाडीतून अरुण जाधव हे एकटे पोलीस जखमी अवस्थेत वाचले आणि गाडीत काय घडले ते त्यांच्यामुळे कळले. एका गाडीत गेलेल्या सहा जणांपैकी तिघे सगळ्यांना तोंडपाठ असावेत आणि उरलेल्या तिघांतील दोघांना आपण एका ओळीत कोंबावे, हे मला तरी बरे दिसत नाही.

आता मूळ तक्रारीकडे येतो. तळमजल्यावरील एका सदनिकेचे धारक, ज्यांचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही कारण समितीत ते सर्वांना ठाऊक आहे, दरवर्षी २६ नोव्हेंबरला श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावतात. लावण्याबद्दल माझी काही हरकत नाही. हा फ्लेक्स ते पाटीच्या वर ठोकलेल्या दोन खिळ्यांना सुतळीने बांधतात, त्यामुळे ज्यांना श्रद्धांजली वाहायची त्यांचीच नावे त्याच्या मागे पूर्ण झाकली जातात. गेल्या वर्षीचा फ्लेक्स सहा फूट बाय चार फुटांचा होता. त्यात वर तीन अधिकाऱ्यांची छायाचित्रे पत्त्याच्या पानाएवढी, मध्यभागी काळा चष्मा लावून हात जोडलेले स्वतः संबंधित सभासद आणि खाली ‘शुभेच्छुक’ या शब्दानंतर अकरा नावे होती. श्रद्धांजलीला शुभेच्छुक कसे असतात हे मी त्यांना विचारले असता “भावना समजून घ्या” असे उत्तर मिळाले. फ्लेक्स १९ डिसेंबरपर्यंत तेथेच होता व त्याची तारखेसह छायाचित्रे माझ्याकडे आहेत. महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपणास प्रतिबंध करण्याबाबत १९९५ चा अधिनियम समितीने एकदा वाचून पाहावा, अशी विनंती आहे.

गेल्या वर्षी २६ नोव्हेंबरला रविवार होता आणि त्यानिमित्त देशभक्तिपर गीतांचा जो कार्यक्रम झाला तो रात्री पावणेअकरापर्यंत चालला. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत मोकळ्या जागेत ध्वनिवर्धक लावता येत नाही. काही ठरावीक दिवशी सूट मिळू शकते हे मला माहीत आहे, पण ती तळमजल्यावरून दिली जात नाही. माझ्या हातातील लहान भोंग्याविषयी कोणी तक्रार केल्याचे कानावर आले. मी तो वर्षातून एकदा, सकाळी साडेसहानंतर, जेमतेम सहा मिनिटे वापरतो आणि त्यातून फक्त नावे वाचतो. दोन गोष्टींची तुलना होऊ शकत नाही.

उरलेले अकरा महिने पाटीसमोर याच सभासदांच्या चौदा कुंड्या असतात. कट्टा ही सामायिक जागा असून तेथे कोणाही सभासदाने खासगी वस्तू ठेवू नयेत हे उपविधींत पुरेसे स्पष्ट आहे. (माझ्या दारापुढील चपलांच्या कपाटाचा सचिवांनी या संदर्भात उल्लेख केला, ते कपाट भिंतीला लागून आहे, कोणाच्या नावासमोर नाही.) मनीप्लांटच्या वेलीने सध्या ‘भोसले’पासून खालच्या सर्व ओळी व्यापल्या आहेत. सीएसएमटी स्थानकात मारले गेलेले रेल्वे पोलीस निरीक्षक शशांक शिंदे यांचे नाव वाचायचे असेल तर एका हाताने वेल बाजूला धरावी लागते, आणि वेल सोडली की हातावर पाणी ठिबकते. गेल्या महिन्यात माझ्या नातवाने मला नावे वाचून दाखवली आणि ‘मोरे’पाशी पोचून “आजोबा, पुढे झाड आहे” असे म्हणाला.

आपण म्हणाल, हा केवळ कुंड्यांचा वाद आहे. तसे नाही. २०१६ साली मी याच पाटीखाली एक नाव वाढवावे असा अर्ज दिला होता. खार येथे पेट्रोल पंपाजवळ हेल्मेट न घातलेल्या एका अल्पवयीन मुलाला वाहतूक पोलीस विलास शिंदे यांनी अडवले, म्हणून २३ ऑगस्ट रोजी त्यांच्या डोक्यात लाकडी दांडक्याने घाव घालण्यात आला आणि ३१ ऑगस्टला ते गेले. हा अर्ज सभेत वाचला गेला तेव्हा याच सभासदांनी “तो काही अतिरेकी हल्ला नव्हता” असा मुद्दा काढला आणि विषय बारगळला. त्यांचे चिरंजीव आजही आपल्या आवारातून हेल्मेटशिवाय दुचाकी बाहेर काढतात, त्यामुळे या मुद्द्याकडे ते तटस्थपणे पाहू शकत होते असे मला वाटत नाही.

पुढे १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनीच, गडचिरोली जिल्ह्यात जांभूळखेडा येथे भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक मारले गेले. बातमी दुपारीच आली होती. संध्याकाळच्या आपल्या कार्यक्रमाआधी दोन मिनिटे शांत उभे राहावे एवढेच मी सुचवले, तर “मुलांचा विरस होईल” म्हणून संगीत खुर्ची सुरू करण्यात आली. त्या वर्षीच्या सभेत मी हे बोललो. ते इतिवृत्तात ‘ऐनवेळचे विषय: एका सभासदाने पाटीबाबत विचारणा केली, नोंद घेण्यात आली’ असे उतरले. मी पाटीबाबत विचारणा केलीच नव्हती.

आपल्या प्रश्नाचे उत्तर राहिले. नाही, त्यात आपल्या सोसायटीतले कोणी नव्हते. तुकाराम ओंबळे सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचे. गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत हातात काठी असताना त्यांनी कसाबच्या रायफलीची नळी धरून ठेवली आणि गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या, म्हणून तो जिवंत सापडला. त्या वेळी मागे कोणाची सोसायटी आहे याची चौकशी त्यांनी केलेली नव्हती.

माझे म्हणणे इतकेच की स्मरण करायचे तर नावे दिसली पाहिजेत आणि वाचली गेली पाहिजेत, आणि त्यासाठी २१ ऑक्टोबर हा दिवस आधीच ठरलेला आहे. १९५९ साली त्या दिवशी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे गस्तीवरील पोलिसांवर चिनी सैन्याने गोळीबार केला व दहा जण मारले गेले. त्यांची पार्थिवे परत मिळायला १३ नोव्हेंबर उजाडला. तेव्हापासून देशभर हा दिवस पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळतात. संचलनात ‘शोकशस्त्र’ हा हुकूम होतो, बंदुकांच्या नळ्या जमिनीकडे वळतात आणि वर्षभरात कर्तव्यावर मारले गेलेल्या पोलिसांची नावे वाचली जातात. तेथे भाषणापेक्षा नावांनाच अधिक वेळ लागतो. दिल्लीत चाणक्यपुरी येथे २०१८ साली याच तारखेला राष्ट्रीय पोलीस स्मारक खुले झाले, त्याच्या भिंतींवर ३४ हजारांहून अधिक नावे आहेत. तेवढी नावे जेथे वेगवेगळी लिहिता आली, तेथे आपल्याला दोन पाटील वेगळे करायला दोन वर्षे पुरू नयेत याचे नवल वाटते.

या मताचा मी एकटा नाही. अ विंगमधील किमान नऊ सभासदांनी जिन्यात, लिफ्टमध्ये आणि दोघांनी तर घरी येऊन मला पाठिंबा दिला आहे. शेजारधर्मापायी त्यांना सही करायची नाही, आणि मी त्यांना तसा आग्रहही केलेला नाही. शिवाय आदर्श उपविधींनुसार तक्रारीवर लगतच्या समिती सभेत निर्णय घेऊन तो पुढील पंधरा दिवसांत तक्रारदाराला कळवायचा असतो. माझ्या पहिल्या पत्रानंतर समितीच्या किती सभा झाल्या हे आपणच मोजावे. उपनिबंधकांकडे जाण्याचा माझा विचार नाही. तूर्त नाही.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. जुनी पाटी पंपरूममधून काढून, धुऊन, तुटक्या कोपऱ्यासह पुन्हा जागेवर बसवावी. तिच्या वरचे दोन्ही खिळे उपटावेत. चौदाही कुंड्या संबंधित सभासदांनी आपल्या सदनिकेच्या आत न्याव्यात. जागा अपुरी पडत असल्यास त्यांच्या फ्लेक्सवरील अकरा शुभेच्छुकांनी प्रत्येकी एक न्यावी, उरलेल्या तिघींना मी जागा देतो. फिक्या पडलेल्या कोरीव अक्षरांत काळा रंग भरण्याचे काम संबंधित सभासदांना स्वतःच्या हाताने करू द्यावे, म्हणजे कोणकोणती नावे आहेत हे त्यांना समजेल. माझ्याकडे शून्य नंबरचा ब्रश आहे, तो मी देईन.

२१ ऑक्टोबर यंदा सोमवारी आहे. कार्यालयात जाणाऱ्यांची अडचण होऊ नये म्हणून नावे सकाळी पावणेसातला वाचली जातील, भोंग्याशिवाय. पाटी आदल्या संध्याकाळी काढता यावी यासाठी पंपरूमची किल्ली रविवारी पाच वाजेपर्यंत मिळावी. न मिळाल्यास मी नावे माझ्या वहीतून वाचीन. तीत पाटील दोन आहेत.

आपला विश्वासू,
सभासद, सदनिका क्र. ४०२, अ विंग

ता. क. या पत्राची पोच पहारेकऱ्याकडून न देता सचिवांनी स्वतः सही करून द्यावी, व सहीखाली तारीख घालावी.