तयारीची मुदत घरातच ठरायला हवी

प्रति,
माननीय संपादक,

विषय : स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या सज्ञान मुलांचा खर्च आणि गावाकडचे आईवडील

महोदय,

राज्यसेवा, संयुक्त परीक्षा, तलाठी भरती, पोलीस भरती या विषयांवर आपल्या दैनिकात सातत्याने लिहिले जाते. त्यात उमेदवारांच्या मागण्या असतात, लोकसेवा आयोगाचे खुलासे असतात आणि निकालानंतर यशस्वी मुलामुलींच्या मुलाखतीही असतात. मात्र या सगळ्याचा खर्च जे उचलतात, त्या गावाकडच्या पन्नाशी-साठी ओलांडलेल्या आईवडिलांची बाजू क्वचितच मांडली जाते. मराठवाड्यातील ग्रामीण शाखांमध्ये बँकेची नोकरी करून मी निवृत्त झालो. ही बाजू मी काउंटरच्या आतून बरीच वर्षे पाहिली आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता या परिसरात तयारीसाठी कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीतल्या एका खाटेपुरते भाडे देऊन, राहणाऱ्या मुलाचे भाडे, मेस, अभ्यासिका, टेस्ट सिरीज आणि पुस्तके धरली तर कितीही काटकसर केली तरी महिन्याला आठ-दहा हजारांच्या खाली भागत नाही. क्लासची फी त्याहून वेगळी असते. वर्षाला लाख-सव्वा लाखाच्या घरात जाणारी ही रक्कम शहरातल्या नोकरदाराला फार मोठी वाटणार नाही, पण कोरडवाहू शेतकऱ्याच्या हिशेबात ती कुठे बसते ते पाहावे. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजार समितीत माल नेलेल्या बहुतेकांच्या हाती त्याहून बरेच कमी पडले. क्विंटलला ४,२०० रुपये आणि एकरी सात क्विंटल उतारा धरला, तर बियाणे, खत, फवारणी आणि मळणीचा एक रुपयाही वजा न करता चार एकरांचे सगळे सोयाबीन एका मुलाच्या पुण्यातल्या वर्षभराच्या राहण्या-जेवणाला लागते. केंद्राच्या किसान सन्मान निधीचे वर्षाचे सहा हजार आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे सहा हजार एकत्र केले, तरी त्यातून जेमतेम एक महिना निघतो.

मग उरलेले पैसे येतात कुठून, हे शाखेत बसणाऱ्याला ठाऊक असते. आधी मुदत ठेव मोडली जाते. मग आईचे दागिने सोने तारणात येतात. ते सोडवायला माणूस येतो तो बहुधा फक्त व्याज भरून तारणाची मुदत वाढवून परत जातो. सगळ्यांत मोठे नुकसान होते ते पीक कर्जाच्या बाबतीत. आपल्या राज्यात तीन लाख रुपयांपर्यंतचे पीक कर्ज मुदतीत फेडले तर शेतकऱ्याला व्याज सवलत योजनांमुळे व्याजाचा भार पडत नाही, आणि म्हणूनच ते वेळेत भरून नवे-जुने करणे, म्हणजे जुने फेडून लगेच नवे उचलणे, हा शेतकऱ्याच्या वर्षाचा कणा असतो. नेमके भरण्याच्या दिवसांत मुलाच्या क्लासची फी किंवा खोलीची अनामत रक्कम निघाली, की बँकेसाठी बाजूला काढलेले पैसे पुण्याला जातात, खाते थकबाकीत जाते, व्याजाची सवलत हातची जाते आणि खरिपाच्या तोंडावर नवे कर्ज मिळत नाही. तोच शेतकरी मग कृषी सेवा केंद्रातून उधारीवर खत उचलतो किंवा खासगी सावकाराचे दार गाठतो. घरातल्या एका सज्ञान मुलाचा खर्च अशा रीतीने सगळ्या शेतीचे चक्र बिघडवतो आणि कर्जाच्या कोणत्याही कागदावर त्या मुलाचे नाव नसते.

शैक्षणिक कर्जाशी याची तुलना केली तर फरक चटकन लक्षात येतो. बँक शैक्षणिक कर्ज देते तेव्हा अभ्यासक्रम किती वर्षांचा आहे ते विचारते, त्यानंतर साधारण एक वर्षाची सवलत देऊन हप्ते सुरू करते आणि आईवडिलांना सहकर्जदार करून घेत असली तरी मुख्य कर्जदार म्हणून सही त्या मुलाचीच घेते. किती पैसे, किती काळ आणि परत कधी, या तिन्हीचे उत्तर पहिल्याच दिवशी लेखी असते. स्पर्धा परीक्षेच्या तयारीला अभ्यासक्रमासारखी ठरलेली मुदत नसल्याने तिला असे कर्ज मिळत नाही, म्हणून बँकेची जागा बाप घेतो. बँक विचारते त्यांपैकी एकही प्रश्न तो विचारत नाही. विचारले तर मुलाचे मन अभ्यासातून उडेल, अशी त्याला भीती असते. दरवर्षी मुलगा सांगतो की यंदा पोस्ट नक्की निघेल, दोन मार्कांनी गेली, पुढच्या अटेम्प्टला कट-ऑफ पार होतो. आणि हे तो फसवण्यासाठी सांगत नाही, त्याचा स्वतःचा त्यावर पूर्ण विश्वास असतो. म्हणूनच ही गोष्ट अवघड आहे. या मुलांना आळशी किंवा ऐतखाऊ म्हणणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही. पहाटे अभ्यासिकेत जाऊन रात्री उशिरा परतणारी, एका वेळच्या मेसवर दिवस काढणारी ही मुले कष्टाला कमी नाहीत. कष्ट आणि जागा यांचे प्रमाणच जुळत नाही. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले, म्हणजे एका जागेमागे दोनशेहून अधिक उमेदवार होते, आणि खुल्या प्रवर्गातील प्रत्येकाने एक हजार रुपये, तर मागास प्रवर्गातील प्रत्येकाने नऊशे रुपये परीक्षा शुल्क भरले होते. त्यातले बहुतेक रुपये आईवडिलांच्या खात्यातून गेले असणार, हे सांगायला आकडेवारीची गरज नाही.

कायद्याची बाजूही या निमित्ताने स्पष्ट व्हायला हवी, कारण गावात आजही अनेक वडिलांना वाटते की मुलगा नोकरीला लागेपर्यंत त्याला पोसणे हे आपले कायदेशीर कर्तव्य आहे. तसे नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानुसार मुलाच्या निर्वाहाची जबाबदारी तो अल्पवयीन असेपर्यंतच असते. स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अविवाहित मुलीची जबाबदारी त्यापुढेही राहते. धडधाकट सज्ञान मुलाचा आईवडिलांच्या कमाईवर असा हक्क नाही. उलट २००७ च्या ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण कायद्याने आईवडिलांनाच मुलांकडून निर्वाह मागण्याचा हक्क दिला आहे. प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणात अर्ज करता येतो आणि महिन्याला जास्तीत जास्त दहा हजार रुपये मंजूर होऊ शकतात. म्हातारपणी मुलाकडून मिळू शकणारी जी कमाल रक्कम कायद्याने ठरवली आहे, जवळपास तेवढीच रक्कम आज हे आईवडील दरमहा मुलाला पाठवत आहेत. ज्या वयात ते पाठवत आहेत त्या वयात शेतकऱ्याला ना निवृत्तिवेतन असते, ना भविष्य निर्वाह निधी. मदत करू नये असे माझे म्हणणे नाही. जी मदत कर्तव्य नसून माया आहे, तिची मर्यादा ठरवण्याचा अधिकार देणाऱ्याकडे असतो आणि तो वापरताना त्याला अपराधी वाटण्याचे कारण नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

घरातल्या इतर मुलांचा विचार तर या चर्चेत कोणी करतच नाही. थोरला पुण्यात असतो तेव्हा धाकटा बारावीनंतर शेतीत अडकतो. बैल, पाणी, मजूर, वडिलांचे दुखणे हे सगळे त्याच्या वाट्याला येते आणि वर्षाच्या शेवटी हाती आलेल्या पैशांतला मोठा हिस्सा भावाकडे जाताना तो पाहतो. पुढे वाटणीच्या वेळी या भावांमध्ये जो कडवटपणा येतो त्याचे मूळ बरेचदा याच वर्षांत असते, कारण दहा वर्षांत थोरल्यावर झालेल्या खर्चाची कुठेच नोंद नसते आणि जमिनीचे मात्र दोघांत समान तुकडे होतात. मुलींच्या बाबतीत याहून वेगळा अन्याय होतो. तयारीसाठी मुलीला पुण्याला पाठवणारे आईवडील आता पुष्कळ आहेत आणि ही समाधानाची गोष्ट आहे. पण तिला मिळतात दोन, फार तर तीन वर्षे, त्यानंतर स्थळे पाहायला सुरुवात होते. भावाला मात्र तिशी उलटून गेली तरी आणखी एक संधी मिळते. मुलीसाठी जर आईवडील मुदत ठरवू शकतात, तर मुलासाठी ती ठरवता येत नाही हे मला पटत नाही. मुदत दोघांना सारखी असावी आणि ती लग्नावरून ठरू नये.

शासनाची जबाबदारी यात मोठी आहे. २०१६ मध्ये राज्याने शासकीय नोकरीची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागास प्रवर्गांसाठी ४३ केली. उशिरा शिकलेल्या, परिस्थितीमुळे मागे पडलेल्या उमेदवारांना त्याचा फायदा झाला, त्यामुळे त्या निर्णयाला माझा विरोध नाही. पण वाढलेल्या प्रत्येक वर्षाचा खर्च कुणाच्या घरातून जाणार याचा विचार तेव्हा झाला नाही. त्यात परीक्षांच्या तारखा पाळल्या जात नाहीत. ५ एप्रिल २०२० ला होणारी राज्यसेवा पूर्व परीक्षा अनेकदा पुढे जात अखेर २१ मार्च २०२१ ला झाली. ते वर्ष महासाथीचे होते हे मान्य. पण २८ एप्रिल २०२४ ची राज्यसेवा पूर्व परीक्षा पुन:पुन्हा पुढे ढकलत १ डिसेंबर २०२४ ला झाली, तेव्हा महासाथ नव्हती. कधी आरक्षणाच्या नव्या तरतुदी तर कधी दुसऱ्या परीक्षेशी एकाच दिवशी आलेली तारीख अशी कारणे होती, आणि उमेदवारांनीही पुण्यात रस्त्यावर उतरून परीक्षा पुढे ढकलण्याची मागणी केली होती. कारणे रास्त असतीलही, परंतु या सात महिन्यांत प्रत्येक उमेदवाराच्या घरातून आणखी साठ-सत्तर हजार रुपये गेले. आयोगाच्या संकेतस्थळावर एका ओळीचे प्रसिद्धिपत्रक येते आणि लातूर, परभणी, बीडच्या एखाद्या खेड्यात एक सोन्याची पोत तारणात जाते, हा संबंध निर्णय घेणाऱ्यांनी डोळ्यांपुढे ठेवायला हवा. अंदाजित वेळापत्रक बंधनकारक व्हावे, आणि शासनाच्या किंवा आयोगाच्या कारणाने परीक्षा तीन महिन्यांहून जास्त पुढे गेल्यास निदान परीक्षा शुल्क परत मिळावे, ही मागणी उमेदवारांच्या संघटनांनी आईवडिलांच्या वतीनेही करावी. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांचे तयारीसाठीचे विद्यावेतन निवडक विद्यार्थ्यांना मिळते आणि ते उपयोगी आहे. पण ते वेळेवर मिळाले नाही की तो महिना पुन्हा वडिलांनाच भरून काढावा लागतो.

घरात काय करावे याबद्दल मला नोकरीच्या अनुभवातून एवढेच सुचवावेसे वाटते, की मूल पुण्याला निघण्याआधी आईवडील, ते मूल आणि त्याची भावंडे यांनी एकत्र बसून बोलावे आणि ठरलेले एका वहीत लिहून ठेवावे. महिन्याला किती पाठवायचे, किती वर्षे पाठवायचे, त्यानंतर परीक्षा चालू ठेवायची असेल तर नोकरी करत ठेवायची की गावी राहून, आणि कोणत्या पैशाला हात लावायचा नाही, हे त्यात स्पष्ट असावे. माझ्या मते आईचे दागिने, आजारपणासाठी ठेवलेली ठेव आणि पीक कर्ज भरण्याचे पैसे या तीन गोष्टी कोणत्याही कारणाने पुण्याला जाऊ नयेत. मुदत तीन वर्षांची असो वा चार, ती जाण्याआधी ठरली तर मुलाला अपमान वाटत नाही. अपयशानंतर ठरवायला गेले तर तोच निर्णय शिक्षेसारखा लागतो. शिवाय ठरलेल्या मुदतीमुळे मुलाला घरी परत यायला वाट राहते. आज अनेक मुले परीक्षेवरच्या प्रेमापेक्षा गावात लोक काय म्हणतील या धास्तीने पुण्यात राहतात, कारण पुण्याला निघाल्या दिवसापासून गाव त्यांना ‘साहेब’ म्हणून हाक मारत असतो. मुलांनीही संध्याकाळी चार तास का होईना काम करण्यात कमीपणा मानू नये. निदान स्वतःच्या मेसचे पैसे स्वतः भरणारा मुलगा वडिलांशी फोनवर मोकळेपणाने बोलू शकतो, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. निकाल लागला की शेतकऱ्याचा मुलगा उपजिल्हाधिकारी झाल्याची बातमी पेढा भरवणाऱ्या आईवडिलांच्या छायाचित्रासह छापली जाते. ती जरूर छापावी, त्या घराने ते मिळवलेले असते. मात्र त्याच बातमीत तयारीला किती वर्षे गेली, एकूण खर्च किती झाला आणि तो कसा उभा केला, हे तीन प्रश्न त्या आईवडिलांना विचारून त्यांची उत्तरेही द्यावीत. पुढच्या जूनमध्ये मुलाला पुण्याला पाठवायला निघालेली शेकडो कुटुंबे ती बातमी वाचत असतात आणि त्यांना आज उपलब्ध नसलेली माहिती नेमकी हीच आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त बँक अधिकारी, लातूर