तळाच्या पाण्याची बाटली

ताळगाव, गोवा
१२ ऑक्टोबर

प्रिय संदीप,

तुझं पत्र मिळालं. ‘समुद्र तर आपल्या दारातच आहे, तो शिकायला विद्यापीठ कशाला?’ असं काका म्हणाले ना? मग गेल्या आठवड्यात मी जे पाहिलं, ते आधी त्यांनाच वाचून दाखव.

आम्ही बोटीनं कांदोळीसमोर गेलो होतो. पाणी २५-३० मीटर खोल. वरचं पाणी बाटलीत घेऊन त्यात मँगनीजचं आणि आयोडाइडचं द्रावण घातलं, की तपकिरी साका बसतो. पाण्यात प्राणवायू असल्याची ती खूण. विंकलर नावाच्या हंगेरियन रसायनतज्ज्ञानं १८८८ साली काढलेली ही रीत अजून सगळीकडे चालते. मग तळाचं पाणी काढलं. कुजक्या अंड्यांचा वास आला, आणि साका पांढराच राहिला. प्राणवायू नाहीच! वर लख्ख ऊन, नितळ पाणी, आणि खाली माशाला श्वास घ्यायची सोय नाही. रात्री झोप लागली नाही मला.

पावसाळ्यात किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि खोलातलं थंड, प्राणवायू कमी असलेलं पाणी किनाऱ्याकडे चढतं. त्यातल्या क्षारांवर सूक्ष्म वनस्पती माजतात, मरून खाली कुजतात आणि उरलासुरला प्राणवायूही संपवतात. त्यात पावसाचं आणि नद्यांचं गोडं पाणी हलकं असल्यामुळे वर झाकणासारखं पसरतं, खालपर्यंत हवा पोचू देत नाही. थंडीत प्रवाह उत्तरेकडे फिरला, की मग तळ सुधारतो. हे मुळात निसर्गाचंच चक्र आहे. पण शेतांतली खतं आणि शहरांचं सांडपाणी त्यात किती भर घालतं? मला विचारशील तर आमच्या विषयात याहून महत्त्वाचा प्रश्न नाही.

बाकी अभ्यास ठीक. गणित जड जातंय, विशेषतः पृथ्वीच्या फिरण्यामुळे प्रवाह वळतात तो भाग. दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जवळच आहे, तिथल्या ‘सिंधु साधना’ जहाजावर कधीतरी जायचंच, असं मनात आहे.

आता एक काम कर. गणपतीपासून दिवाळीपर्यंत तळाची जाळी रिकामी येतात का, आणि तेव्हा मासे किनाऱ्याकडे सरकतात की बाहेर जातात, हे काकांना विचार. किती वाव खोल पाण्यात, कुठल्या महिन्यात, सगळं लिहून ठेव. त्यांनी हयातभर पाहिलेलं आमच्या कुठल्याही वहीत नाही. दिवाळीत मालवणला येतोय, तेव्हा त्यांच्याशी निवांत बोलेनच.

काकूंना नमस्कार.

तुझा,
अजय