बॅटरी तोंडावर मारू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या खारकर आळीतून ठाणे कारागृहाचा तट चालत पाच मिनिटांवर आहे. मी कारागृह खात्यात ३१ वर्षं काढली. शिपाई म्हणून लागलो, हवालदार म्हणून निवृत्त झालो. कुठल्या कुठल्या जेलात होतो ते लिहीत नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीचे सुटले असं होतं, आणि मला कुणाला पकडायचं नाही, बॅटरीबद्दल बोलायचं आहे.

गेल्या महिन्यात शेजाऱ्यांचा पुतण्या आला. नुकताच भरती झालेला, पहिली रात्रपाळी लागायची होती. जांभळी नाक्यावरून दीड हजाराची बॅटरी घेऊन आला. काळीकुळकुळीत, लोखंडाच्या पहारीसारखी जड, खोक्यावर ५०,००० ल्युमेन (उजेडाचं माप) छापलेलं. मी म्हटलं, अरे, बोटाएवढ्या एका १८६५० सेलवर (चार्ज होणारा लिथियमचा सेल) पन्नास हजार ल्युमेन निघायला लागले तर महावितरणने दुकान बंद करावं. अशा एका सेलवर चांगली बॅटरीसुद्धा हजार-दोन हजाराच्या पुढे फार वेळ टिकत नाही, हातात चटका बसेल इतकी तापते. बटण दाबलं तर भक्कन उजेड. पुन्हा दाबलं, अर्धा. तिसऱ्यांदा दाबलं तर लुकलुक लुकलुक, गणपतीच्या मंडपासारखी. आणि बंद करायची तर त्या लुकलुकीतूनच जायचं! रात्री दोन वाजता शंभर माणसं झोपलेल्या बराकीसमोर हे करून बघा. शिव्या एक वेळ सोडा, पण फिट येणारा एखादा आत असतोच, आणि लुकलुकत्या उजेडानं काहींना फिट येते.

लोक विचारतात, जेलात रात्रभर दिवे जळत असतात, मग बॅटरी कशाला? दिवा जळतो तो मधोमध, उंच छताला. त्याचा उजेड कोपऱ्यात जात नाही, संडासाच्या अर्ध्या भिंतीमागे जात नाही. त्यात उजेड डोळ्यांवर येतो म्हणून आणि डास चावतात म्हणून माणसं डोक्यावरून चादर ओढून झोपतात. एकेकट्या कोठड्यांची तर गोष्टच वेगळी. (आमच्यात कोठडीलाही सेलच म्हणतात, त्यावरून एक जुना विनोद आहे. नव्या शिपायाला सांगायचं, ‘बॅटरी घे आणि सेल तपासून ये.’ तो बिचारा झाकण उघडून सेल बघत बसतो.)

गिनती संध्याकाळी बंदीच्या वेळीच झालेली असते. रात्रीच्या फेरीत डोकी मोजण्यापेक्षा मोठं काम असतं, ते म्हणजे श्वास बघणं. धडधाकट माणूस झोपेत मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतो. म्हणजे गजापाशी दहा सेकंद उभं राहिलं की छातीवरची चादर दोन-तीनदा हललेली दिसली पाहिजे. तेवढं दिसायला शंभर ल्युमेन पुष्कळ झाले, बहुतेक वेळा वीस-तीससुद्धा पुरतात. मी नोकरीला लागलो तेव्हा तीन मोठ्या सेलची पितळी एव्हरेडी मिळायची, तिचा उजेड तीस-चाळीसच्या वर नसावा. त्यातही झोत सरळ माणसावर मारायचा नाही. छतावर नाहीतर समोरच्या भिंतीवर मारायचा. चुन्याची भिंत तो उजेड खोलीभर सांडते, माणूस दिसतो आणि जागा होत नाही. मोठा झोत त्याच चुन्यावरून आपल्याच डोळ्यांवर येतो. मग पुढच्या चार कोठड्या आंधळ्यासारख्या. अंधाराला डोळा पुरता सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि ती सवय मोडायला एक क्षण पुरतो.

आता माझी चूक सांगतो. एका ठिकाणी आम्हाला नव्या एलईडी बॅटऱ्या मिळाल्या होत्या, ट्यूबलाइटसारख्या निळसर पांढऱ्या उजेडाच्या. रात्री साडेतीनच्या सुमारास एका वयस्कर कच्च्या कैद्याच्या कोठडीपाशी थांबलो. भिंतीकडे तोंड करून झोपलेला, श्वास चालू. उशाशी घोंगडीवर काळपट ओल दिसली. मला वाटलं, चहा सांडलाय. पुढे गेलो. माझ्यामागून अर्ध्या तासानं फेरीला आलेला सहकारी जुनी पिवळ्या बल्बची बॅटरी वापरायचा, त्या नव्या त्याला आवडत नसत. त्याने तीच ओल बघितली आणि शिट्टी मारली. रक्ताची उलटी होती. म्हातारा वाचला, दवाखान्यात आठवडाभर राहून परत आला आणि मला बघून ‘हवालदार, चहा झाला का’ असं विचारू लागला. कुणीतरी त्याला सांगितलं असणार.

तेव्हापासून मी उजेडाचा रंग बघतो. स्वस्त निळसर एलईडीत तांबडा रंग मरतो, गडद लाल काळं किंवा तपकिरी दिसतं. खोक्यावर ४,००० केल्विनच्या (उजेड पिवळट की निळसर ते सांगणारा आकडा) आसपास आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचे शंभरपैकी गुण) ९० च्या वर असं लिहिलेलं असेल तर रक्त रक्तासारखं दिसतं आणि निळे पडलेले ओठ निळे दिसतात. हल्ली काही जण लाल उजेडाची बॅटरी सुचवतात. मंद लाल उजेडात डोळ्यांची अंधाराची सवय फारशी मोडत नाही हे खरं आहे, तटाच्या कडेनं चालायला तो चांगला. पण लाल उजेडात रक्त डागासकट गायब होतं. कोठडीत बघायला तो कामाचा नाही.

भिंती आणि गज बघताना मात्र युक्ती उलटी. बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून आडवी धरायची. तिरप्या उजेडात करवतीचा ओरखडा, उकरलेला चुना, विटेची हललेली कड, सगळ्याची सावली पडते. समोरून हजार ल्युमेन मारले तर भिंत सपाट दिसते. आमचं ठाण्याचं कारागृह पोर्तुगीजांनी १७३० साली बांधायला घेतलेल्या किल्ल्यात आहे. याच किल्ल्यातून १८१६ साली दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इंग्रजांच्या कैदेतून पळाले. पहारा गोऱ्या शिपायांचा होता. बाहेर घोड्याला खरारा करणारा मोतद्दार गाण्यातून निरोप द्यायचा, गोऱ्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, आणि शौचाला जायच्या जागी भिंतीला भोक पाडून ठेवलं होतं असं सांगतात. गाणं कळलं नाही ते एक वेळ ठीक, पण भोक?

बाकी गोष्टी थोडक्यात. अंग प्लास्टिकचं असावं. लोखंडी दांड्यासारखी बॅटरी कुणाच्या हाती लागली की ते हत्यार झालं. गजाच्या आत हात घालून बॅटरी मारू नये, आणि तिची दोरी मनगटाला करकचून बांधू नये, कारण आतून हिसका बसला की हातही जातो. सेल साधे पेन्सिल सेल असावेत. गार्डरूममध्ये प्लग एकच असतो आणि त्यावर चहाची किटली असते, तिथे चार्जिंगला कोण विचारतो? जुनी बॅटरी संपायच्या आधी पिवळी पडून सांगायची. नव्यांतल्या बऱ्याच जणी शेवटपर्यंत झगमगतात आणि एकदम डोळे मिटतात, म्हणून दोन सेल खिशात हवेतच. बटण एकच असावं, आणि पहिल्या दाबाला नेहमी मंद उजेडच लागावा.

माझं म्हणणं एवढंच, की ही वस्तू पोरांच्या पहिल्या पगारातून आणि खोक्यावरच्या शून्यांवरून घेतली जाऊ नये. ज्यांनी रात्रपाळ्या केल्यात अशा दोन हवालदारांना खरेदीच्या वेळी बोलवा, आणि प्रशिक्षणात बंदुकीबरोबर अर्धा तास बॅटरी धरायलाही शिकवा.

पुतण्याला मी दुकानात परत पाठवलं. तो तीन वेगवेगळ्या घेऊन आला. रात्री त्याला आमच्या झोपायच्या खोलीच्या दारात उभं केलं आणि सांगितलं, तुझी काकू आत झोपलीय, ती श्वास घेते का बघून सांग, ती जागी झाली तर बॅटरी नापास. पहिल्या बॅटरीला तिनं कूस बदलली. दुसरीला ‘कोण आहे?’ म्हणाली. तिसरी पोरानं छतावर धरली, दहा सेकंद मोजले आणि मागे वळून हळूच म्हणाला, ‘काका, तीनदा.’

आपला,
एक निवृत्त कारागृह हवालदार
खारकर आळी, ठाणे (पश्चिम)