बोर्ड बदलायच्या आधी

आर्वी, जि. वर्धा

प्रिय गजानन,

तुझं पत्र मिळालं. बागेतली मोटर सुरू झाली की रास्पबेरी पाय (तिथला छोटा कॉम्प्युटर बोर्ड) लटकतो, घड्याळ मधूनच मागे जातं, मीटरचे आकडे वेडेवाकडे येतात आणि लॉगच्या (नोंदींच्या) फाइली तुटतात. म्हणजे मेमरी गेली, नवा बोर्ड घ्यावा, असं तू लिहिलंस. थांब, बावा. हे चार रोग एकाच बोर्डात एकदम दिसतायत, पण त्यांचं मूळ एक नाही. मेमरीवर आळ अगदी शेवटी घ्यायचा.

आधी घड्याळ. तुझं डीएस३२३१ घड्याळ आणि मोटरची थरथर मोजणारा एमपीयू६०५० सेन्सर एकाच आयटूसी बसवर (सामायिक तारांच्या जोडणीवर) आहेत, आणि दोघांचाही पत्ता हेक्स (सोळाच्या पायावरचा आकडा) ६८. बोर्डाने ६८ ला विचारलं की दोघंही एकदम उत्तर देतात. या बसवर ओळ फक्त खाली खेचता येते, म्हणून एकाने शून्य आणि दुसऱ्याने एक म्हटलं तर शून्यच वाचलं जातं. तारखेतले बिट असे गळाले की घड्याळ मागे गेल्यासारखं दिसतं, आणि मग लॉगही बिघडल्यासारखा वाटतो. आयटूसीडिटेक्टने (बसवरचे पत्ते शोधणाऱ्या प्रोग्रॅमने) हे पकडलं जाणार नाही, कारण दोन उपकरणं असूनही ६८ वर एकच नोंद दिसते. कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) ड्रायव्हरने पत्ता ताब्यात घेतला असेल तर तिथे ६८ ऐवजी यूयू येतं. खात्री करायची तर घड्याळाची तार काढ, बोर्ड परत सुरू कर आणि पुन्हा स्कॅन कर. ६८ तरीही हजर असेल तर दुसरा सापडला. उपाय सोपा आहे: सेन्सरची एडीझीरो पिन ३.३ व्होल्टला जोड, त्याचा पत्ता ६९ होतो. प्रोग्रॅममध्येही तो बदल.

मीटरचे आकडे बिघडण्याचं कारण बहुतेक सिरियल पोर्टची भांडणं. पाय ३ वर चांगला यूआर्ट (सिरियल पोर्ट चालवणारा भाग) ब्लूटूथकडे जातो आणि १४-१५ नंबरच्या जीपीआयओवर (बोर्डाच्या पिनांवर) मिनी यूआर्ट उरतो. त्याचा वेग प्रोसेसरच्या कोअर क्लॉकवर टांगलेला असतो. क्लॉक हलला की बॉड रेट (सिरियलचा वेग) हलतो. बागेत ब्लूटूथ काय कामाचं? कॉन्फिग फाइलमध्ये डिसेबल-बीटी ओव्हरले (हार्डवेअरची मांडणी बदलणारी नोंद) टाक. शिवाय सीएमडीलाइन या कर्नलच्या सूचनांच्या फाइलमध्ये सिरियल कन्सोल चालू राहिला असेल तर कर्नलचे संदेश थेट मॉडबसच्या (मीटर बोलतो त्या पद्धतीच्या) तारेत घुसतात. तो कन्सोलचा शब्द काढ, पण फाइल एकाच ओळीत ठेव. एंटर दाबलास तर पुढचं काही वाचलं जात नाही.

रिले (विजेवर चालणारा स्विच) कोणत्या पिनवर आहे तेही बघ. तापमानाचा सेन्सर डीएस१८बी२० ओव्हरलेमध्ये वेगळं सांगितलं नाही तर जीपीआयओ ४ घेतो. रिलेही तिथेच असेल आणि तुझी लायब्ररी कर्नलला न विचारता थेट चिपच्या रजिस्टरमध्ये लिहीत असेल, तर 'पिन व्यस्त आहे' ही चूकसुद्धा दिसणार नाही. जीपीआयओइन्फो चालवलंस की कोणती पिन कोणाच्या नावावर आहे ते कळतं.

आता मोटर सुरू होतानाचं लटकणं. इथे माझा पहिला संशय पॉवरवर आहे. मल्टीमीटर हळू असतो, क्षणभराची घसरण त्याला दिसत नाही. बोर्डालाच विचार: व्हीसीजेनसीएमडी या आदेशाचा गेट-थ्रॉटल्ड (व्होल्टेज घसरलं का, वेग रोखला का, हा प्रश्न). उत्तरात हेक्स ५०००० आलं तर बोर्ड सुरू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं होतं आणि वेगही कमी केला गेला होता. रीबूटने ही खूण पुसली जाते, म्हणून दर मिनिटाला तो आकडा फाइलमध्ये लिहीत जा. चार्जरपेक्षा केबल जास्त गुन्हेगार असते. २८ एडब्ल्यूजीच्या (तारेच्या जाडीचं माप; आकडा मोठा तितकी तार बारीक) एक मीटर केबलमध्ये जाऊन-येऊन साधारण ०.४३ ओहम रोध असतो. एक अँपियर ओढला की ०.४३ व्होल्ट तारेतच गेले. २० एडब्ल्यूजी घेतलीस तर तेच ०.०७ व्होल्टच्या आत राहतं.

स्टार्टरच्या कॉइलला स्नबर (विजेचा झटका शोषणारा जोड) लाव, पण आधी कॉइलवर छापलेलं व्होल्टेज वाच. शेतीपंपाच्या थ्री फेज स्टार्टरमध्ये कॉइल बहुतेक ४१५ व्होल्टची असते. तिथे बाजारात सहज मिळणारा २७५ व्होल्टचा कपॅसिटर लावलास तर तो फुटेल. कॉइलच्या व्होल्टेजचंच तयार सप्रेसर घे, आणि हात लावायच्या आधी मेन बंद कर.

फाइली तुटतात त्याची परीक्षा अशी. घरच्या कॉम्प्युटरवर एका मोठ्या फाइलचा शा-२५६ बेरीज-आकडा (फाइलचा ठसा) काढून ठेव आणि ती कार्डावर टाक. बोर्डावर सिंक करून (लिहायचं राहिलेलं कार्डावर उतरवून) ड्रॉप-कॅशेसमध्ये ३ लिही, म्हणजे कॅश (मेमरीत ठेवलेली प्रत) रिकामी होते, मग बेरीज काढ. असं चार-पाच वेळा. कॅश रिकामी केली नाहीस तर कार्ड वाचलंच जात नाही, मेमरीतलीच प्रत परत परत मोजली जाते. आकडा दर वेळी वेगळा आला तर वाचण्याच्या वाटेत घोळ आहे: पॉवर, कार्डाचा सॉकेट किंवा मेमरी. दर वेळी तोच पण मूळ आकड्यापेक्षा वेगळा असेल तर चुकीचंच लिहिलं गेलंय, म्हणजे लिहिताना लाइन गेली किंवा कार्ड नकली आहे. नकली कार्ड एफ३ या तपासणीच्या प्रोग्रॅमने उघडं पडतं. पण ते रिकाम्या कार्डावरच चालव.

इतकं सगळं झाल्यावर मेमटेस्टर, म्हणजे मेमरी तपासणारा प्रोग्रॅम. बाकी प्रोग्रॅम बंद करून रूटने (पूर्ण अधिकाराने) ६०० एमबीवर पाच फेऱ्या दे. एकदा सकाळी गारव्यात, एकदा दुपारी तीनला टिनाचा डबा बंद ठेवून. चूक आली तर अपेक्षित आणि वाचलेल्या आकड्यांचा एक्सॉर काढ, म्हणजे कोणते बिट उलटले ते दिसतं. दर वेळी एकच तोच बिट उलटत असेल तर चिप किंवा तिचा टाका गेला. तेव्हा खुशाल बोर्ड बदल. फक्त दुपारीच आणि बिट बदलत असतील तर उष्णता. डीरॅमला (बोर्डाच्या मेमरीला) ८५ अंशांच्या पुढे दुप्पट वेगाने रिफ्रेश (साठा ताजा करणं) लागतो, आणि मे महिन्यात उन्हातल्या टिनात काय होतं हे तुला मी सांगायला नको. पाय ३ ची मेमरी बोर्डाच्या खालच्या बाजूला असते, म्हणून प्रोसेसरवर हीटसिंक चिकटवून तिला गारवा मिळत नाही. तापमानाचा आकडाही प्रोसेसरचाच असतो. बोर्ड डब्याच्या तळापासून दोन बोटं वर उचल, डबा झाडाच्या सावलीत घे. मेमटेस्टर कर्नलने धरलेली जागा तपासत नाही, हे मात्र ध्यानात ठेव.

मेमटेस्टर स्वच्छ निघाला आणि तरी कर्नल कोसळत असेल तर ड्रायव्हरवर संशय. सीएमडीलाइनमध्ये स्लब-डिबग (मेमरी वापरातल्या चुका पकडणारी सेटिंग) एफझेडपीयूसह लाव. ऊप्समध्ये (कर्नल कोसळल्याच्या संदेशात) ६बी६बी६बी६बी असा आकडा दिसला तर कोणीतरी सोडून दिलेली मेमरी परत वापरतोय. हा प्रोग्रॅमचा दोष आहे, चिपचा नाही. तो मजकूर पकडायला तेवढ्यापुरता मीटर काढून सिरियल कन्सोल परत चालू कर, ११५२०० वेगाने, आणि टीटीएल (सिरियल) केबल ३.३ व्होल्टचीच घे. ५ व्होल्टची लावलीस तर पिनच जाईल.

एका वेळी एकच बदल कर. आधी केबल आणि एडीझीरो, मग दोन दिवस थ्रॉटल्डचा लॉग. तो आणि डीमेसेजचा (कर्नलच्या संदेशांचा) मजकूर मला पाठव, म्हणजे पुढचं ठरवू.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
प्रकाश