ताई, तुम्ही ‘हो’वर खूण करायला लावलीत

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

लेकीचं बाळंतपण उरकून जर्मनीतल्या स्टुटगार्टहून परत येऊन आठवडा झाला. फोनवर आभार मानले, पण मन भरलं नाही. शिवाय परदेशी मुलांकडे निघालेल्या माझ्यासारख्या बऱ्याच जणी असतील, त्यांनीही वाचावं म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

तुमच्याकडे प्रवास विमा काढायला येण्याआधी मी त्यासाठी दुसऱ्या एका ठिकाणी जाऊन आले होते. तिथले गृहस्थ म्हणाले, “मधुमेहापुढे ‘नाही’ लिहा, सगळेच लिहितात. व्हिसाला ३०,००० युरोचं कव्हर दिसलं की झालं.” मला १९ वर्षं इन्सुलिन चालू आहे, तरी मी मान डोलावली होती. हप्ता कमी बसत होता ना.

तुम्ही त्याच पॉलिसीची पानं काढलीत, पेन्सिलीने एका परिच्छेदाखाली रेघ ओढलीत आणि मला मोठ्याने वाचायला लावलंत. आधीपासूनच्या आजारामुळे जे काही होईल, त्याचा खर्च मिळणार नाही. मी दोनदा वाचलं. व्हिसा मिळाला असता हो, पण साखरेने दगा दिला असता तर हातात नुसता कागद राहिला असता.

मग तुम्ही दुसरी पॉलिसी शोधलीत. जुन्या आजारातून जिवावर बेतलं तर ठरावीक रकमेपर्यंत खर्च देणारी. हप्ता चांगलाच जास्त होता. फॉर्मवर मधुमेहापुढे ‘हो’वर खूण केली, किती वर्षं, कोणती औषधं, सगळं लिहिलं. नेहमीची तपासणी आणि औषधं यात बसणार नाहीत, ९० दिवसांचं इन्सुलिन इथूनच न्या आणि वर थोडं जादा ठेवा, हेही तुम्ही आधीच स्पष्ट सांगितलंत. डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्यायला लावलीत, त्यात ब्रँडचं नाव नको, ग्लार्जिन असं औषधाचं मूळ नाव हवं, कारण तिकडे ब्रँड वेगळे असतात. सुया-पेनांचा उल्लेखही हवा. इन्सुलिन हँडबॅगेतच ठेवा, खालच्या सामानात गोठलं तर वितळल्यावरही उपयोगाचं राहत नाही, हे तर तुम्ही मला दारापर्यंत सोडायला येऊन पुन्हा सांगितलंत.

नात बारा दिवसांची झाली त्या रात्रीची गोष्ट. बारशाच्या गडबडीत माझं जेवण राहिलं आणि इन्सुलिन मात्र रोजच्या सवयीने घेतलं गेलं. बाळाला पाजायला उठलेल्या लेकीला मी घामाने चिंब, असंबद्ध बडबडताना दिसले. जावयांनी ११२ला फोन केला. मोठ्या अक्षरांत लिहून तुम्ही फ्रिजच्या दारावर लावायला दिलेला कागद तिथेच होता, त्यावरच्या नंबरवर त्यांनी रुग्णवाहिकेतूनच विमा कंपनीला कळवलं. दोन रात्री दवाखान्यात काढल्या. क्लेमच्या वेळी कंपनीने माझी जुनी कागदपत्रं मागवली. फॉर्ममध्ये जे होतं तेच त्यात होतं. डिडक्टिबलची, म्हणजे बिलातली आपणच भरायची ठरलेली रक्कम आम्ही भरली, बाकीचं बिल कंपनीने दिलं.

पुढच्या तपासणीचे पैसे आमच्याच खिशातून गेले. त्याचं वाईट वाटलं नाही, तुम्ही आधीच सांगितलं होतं.

शुद्धीवर आले तेव्हा लेक उशाशी होती, बाळंतीण असून. तिच्या डोळ्यांत भीती होती, पण पैशांची काळजी नव्हती. ताई, हे तुमच्यामुळे.

लेकीसाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांतला एक डबा मी मागे ठेवला होता, तो घेऊन सोमवारी येते. आमच्या खालच्या मजल्यावरचे काकाही बरोबर असतील. त्यांची अँजिओप्लास्टी झालेली आहे आणि दिवाळीनंतर लेकाकडे जायचं आहे. फॉर्म अजून कोराच ठेवायला सांगितलाय.

तुमची,
स्टुटगार्टची आजी