शालीचे प्रकरण

पुणे

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीची आतापर्यंतची प्रकरणे आम्ही दोघांनीही वाचली. अथेन्समधला १८६९ चा मुलगी पाहण्याचा कार्यक्रम तुझ्या आईला फार आवडला. रशियन बायकोशी नुकताच काडीमोड घेतलेला, ट्रॉय शोधण्याच्या ध्यासाचा, सत्तेचाळीस वर्षांचा धनाढ्य जर्मन व्यापारी हाइन्रिश श्लीमान सतरा वर्षांच्या सोफियाला ग्रीक महाकवी होमरच्या ओळी म्हणायला लावतो, हे वाचून ती म्हणाली, "आमच्या वेळी निदान पोह्यांवर भागत होते."

माझे म्हणणे आहे ते शालीच्या प्रकरणाविषयी. मे १८७३ मध्ये, ट्रॉयच्या शोधात, तुर्कस्तानातल्या हिसारलिकच्या टेकाडात सोने चमकताच श्लीमान मजुरांना सुट्टी देतो आणि सोफिया दागिने शालीत गुंडाळून नेते, हा प्रसंग तू रंगवून लिहिला आहेस. परंतु ती तेव्हा तेथे नव्हती, हे खुद्द श्लीमाननेच त्या वर्षाच्या अखेरीस ब्रिटिश म्युझियमच्या चार्ल्स न्यूटनला पत्राने कळवले होते. वडील वारल्यामुळे ती अथेन्सला गेली होती आणि तिला पुरातत्त्वाची गोडी लागावी म्हणून आपण पुस्तकात तिचे नाव घातले, असा त्याचा खुलासा. म्हणजे घरात सुतक, पदरात दोन वर्षांची लेक आंद्रोमाखे, आणि नवऱ्याच्या पुस्तकात मात्र आपण खड्ड्यावर उभ्या राहून सोने उचलतो आहोत! पुढे तेच दागिने अंगावर घालून काढलेले तिचे छायाचित्र जगभर गाजले. कादंबरीकाराला याहून अधिक काय हवे? तेव्हा तिला अथेन्सलाच राहू दे. ते पुस्तक हाती पडल्यावर ती काय बोलली, की काहीच बोलली नाही, ते तू लिही. तिचे खरे कष्ट दाखवायचे असतील, तर १८७६ मध्ये ग्रीसमधल्या मायसीनीला एका घुमटाकार थडग्याचे काम तिने सांभाळले होते, ते आहेच.

डेक्कन कॉलेजात खापरांची रेखाटने करण्यात माझी सारी नोकरी गेली, त्यामुळे श्लीमानचा तो प्रचंड चर वाचताना पोटात गोळा येतो. इनामगावच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, मातीचा रंग जरासा बदलला तरी हात थांबवून नोंद होई. या गृहस्थाने होमरचे ट्रॉय तळाशीच असणार असे ठरवून टेकाड उभे चिरले आणि वरचे थर उपसून फेकले. शालीतले ते सोने, म्हणजे ट्रॉयचा राजा प्रायम याच्या नावाने गाजलेला 'प्रायमचा खजिना', होमरने गायिलेल्या ट्रॉयच्या युद्धाहून हजारावर वर्षांनी जुना ठरला, आणि त्या युद्धाच्या काळाचे बरेचसे अवशेष त्या उपशातच गेले. त्याच्या वेडावर तुझा जीव आहे हे दिसते, पण ही किंमतही पानावर यायला हवी.

फ्रँक कॅल्व्हर्टला मात्र दोन ओळींत उरकू नकोस. टेकाडाचा पूर्वेकडचा भाग त्याच्या मालकीचा होता, त्याने तेथे आधी खणूनही पाहिले होते, आणि श्लीमानला हिसारलिक त्यानेच सुचवले. टेकाडाचा नकाशा मी काढून देतो. कादंबरीचा आकार ठरला की कळव.

तुझे,
बाबा